मूठभर कोंड्याचं नाव

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपलीकडे एका जुन्या चाळीच्या जिन्याखाली कोंडीराम परबाचा गाळा आहे. गाळा म्हणजे काय, तर एक माणूस आणि एक पाळणा यांपैकी एकालाच आत उभं राहता येईल एवढी जागा. म्हणून पाळणा आत असतो आणि कोंडीराम बाहेर स्टुलावर. बारशाचे पाळणे भाड्याने द्यायचे, त्यांना फुलांच्या माळा चढवायच्या आणि मागच्या पडद्यावर लावायला बाळाच्या नावाची अक्षरं कापायची, हा त्याचा धंदा. पूर्वी तो थर्माकोल कापायचा. थर्माकोलवर बंदी आल्यापासून सनबोर्डाचे कडक तक्ते कापतो. सनबोर्डाने त्याचे हात दुखतात आणि नावांनी डोकं.

नावाचा अर्थ विचारल्याशिवाय तो कटर हातात घेत नाही. गिऱ्हाइकाने क्रिवांश सांगितलं की तो म्हणतो, अर्थ काय? कृष्णाचा अंश. पुढचा येतो शिवांश घेऊन, त्याच्या पुढचा रुद्रांश. कुणी शंकराचा तुकडा, कुणी सूर्याचा. अख्खा माणूस हल्ली कुणाच्याच घरी जन्माला येत नाही काय, असं तो एकदा एका बापाला तोंडावर म्हणाला आणि ते गिऱ्हाईक दादरला निघून गेलं. एका बाईने तर मुलीच्या नावाचा अर्थ मोबाईलमध्ये शोधून सांगितला, की ग्रीसमध्ये याचा अर्थ फार चांगला होतो. पोरगी राहणार करी रोडला, शाळेत जाणार परळला, आणि नाव कळणार ग्रीसला. कोंडीरामने दात-ओठ खात ती अक्षरं कापली.

यातला एखादा चलाख बाप उलट विचारायचा, काका, मग तुमच्या नावाचा अर्थ काय हो? तेव्हा कोंडीराम मान खाली घालून कामाला लागायचा. कारण त्याच्या नावाला अर्थ होता. चांगला ठसठशीत होता, आणि तेच तर दुखणं होतं.

त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मग कोकणातली जुनी माणसं जे करायची, तेच त्याच्या आईने गिरणगावात केलं. पोर आपलं नाहीच, असं दाखवायचं. सुपात घालून ते दुसऱ्याच्या दारात ठेवायचं, त्या घरच्या बाईने मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं, आणि रात्रभर ठेवून परत द्यायचं. कोंड्याच्या मोलाचं, परक्याचं पोर न्यायला सटवाई कशाला वाट वाकडी करील, हा हिशेब. नावही असं ठेवायचं की कुणाची नजर त्यावर ठरू नये. केरात ठेवलेला केरू, दगडाच्या किमतीचा धोंडू, तसा कोंडा देऊन घेतलेला तो कोंडीराम. मागे राम जोडला ही आईची मेहेरबानी.

नावाने त्याला जगवलं की नाही ते सटवाईला ठाऊक, पण सुखाने जगू मात्र दिलं नाही. शाळेत पोरं त्याला भुसा म्हणायची. लग्नाच्या वेळी एका मुलीकडच्यांनी नाव ऐकूनच चहा आवरता घेतला. पुढे टीव्हीवर डोक्यातल्या कोंड्यावरच्या शाम्पूच्या जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा त्याचा मुलगा अनिश शाळेतून रडत आला आणि म्हणाला, पप्पा, तुमचं नाव बदला. आता अनिश मोठा झाला, एका विमा कंपनीत लागला, आणि सही करताना मध्ये नुसता ‘के’ लिहितो. कोंडीरामला तो ‘के’ दिसला की कुणीतरी आपल्याला कपाटाच्या मागे सरकवून ठेवल्यासारखं वाटतं.

म्हणून त्याने मनाशी एक गोष्ट धरून ठेवली होती. आपल्या नातवंडाला आपण असं नाव द्यायचं की ते उच्चारताना माणसाची छाती भरून यावी. भीतीपोटी ठेवलेलं नाव या घरात पुन्हा नको.

आता नात झाली होती. पण सरळपणे काही होईल तर ते परबांचं घर कसलं? सून अनुजा. तिचं पहिलं बाळ गेल्या वर्षी चार-सहा दिवसांतच हॉस्पिटलमध्ये गेलं. त्याला नावही मिळालं नव्हतं. मनगटावरच्या पट्टीवर आईचंच नाव होतं, तेवढ्यावर ते आलं आणि गेलं. ही दुसरी मुलगी वेळेआधी झाली, काचेच्या पेटीत राहिली आणि वजन भरल्यावर घरी आली. सव्वा महिना होत आला तरी घरात तिला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. बायको चंपा मालवणीत ‘चेडू’, म्हणजे पोरगी, म्हणायची, अनिश ‘ती’ म्हणायचा आणि अनुजा काहीच म्हणायची नाही, नुसती बघत बसायची. बारसं रविवारी ठरलं होतं. कोंडीरामने मनात नावांची रांग लावून ठेवली होती, आणि तेवढ्यात चंपाने भाकरी थापता थापता सांगून टाकलं की आधी चेडू विकायचं, मग बारसं.

कोंडीरामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो इतका ओरडला की गॅलरीत सुकत घातलेल्या पापडांजवळची शेजारीण उठून आत गेली. आपण साठ वर्षं ज्या नावापायी बोटं मोडली, तेच आता या एवढ्याशा जिवाच्या माथी मारायचं? चंपा शांतपणे भाकरी उलटत राहिली.

“नाव काय चाटूचा आसा?” ती म्हणाली. “तुमका विकल्यानी म्हणान तुमी आज आसास. घरात धोंडी म्हणूया. कागदार काय व्हया तां लिवा.”

त्याने अनिशकडे पाहिलं. अनिश मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला की पप्पा, करून टाका ना, काय फरक पडतो. कोंडीरामला वाटलं, हा मोबाईल घ्यावा आणि खाली रस्त्यावर भिरकावून द्यावा. राहिली अनुजा. अनुजा शिकलेली, बँकेत ऑफिसर, कुणी उपास सांगितला तर हसणारी. ती तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून तो पडद्यापाशी गेला. ती बाळाला पाजत होती. आतूनच बोलली.

“पप्पा, मला माहितीये हे सगळं खोटं आहे. तरी करायचंय.”

मूर्खाशी भांडता येतं. ज्याला सगळं कळतं आणि तरी भीती वाटते, त्याच्याशी भांडायचं कसं, हे कोंडीरामला कुणी शिकवलं नव्हतं. तो चपला अडकवून खाली उतरला आणि गाळ्यात जाऊन कुणाच्या तरी शिवांशचा काना उगाचच दोनदा कापला.

विकायचं कुणाला, हेही चंपाने ठरवून टाकलं होतं. ज्या हाताला यश आलं तोच हात. रमाबाई.

रमाबाई म्हणजे कोंडीरामला विकत घेणारी बाई. ती नायगावच्या चाळीतली, बौद्ध घरातली. तिचा नवरा आणि कोंडीरामचे वडील एकाच गिरणीत होते, एवढीच दोन घरांची ओळख. कोंडीराम तिला रमाआई म्हणतो. दर दिवाळीत तो तिच्याकडे एक साडी आणि फराळाचा डबा घेऊन जातो, कारण तशी आईची शिस्त होती. आईची आणखीही एक शिस्त होती. विकत घेणारीने आपला उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर तिचा हक्क जागा होतो आणि पोर तिच्यामागून जातं. म्हणून रमाआईला त्याच्या लग्नाला बोलावणं नव्हतं, अनिशच्या बारशाला नव्हतं, कधीच कशाला नव्हतं. कोंडीरामला यात काही वावगं वाटलं नाही. रीत म्हणजे रीत. उलट आपण दरवर्षी न चुकता साडी नेतो, याचा त्याला थोडा अभिमानच होता.

आता रमाआई ऐंशीच्या पुढे गेली होती. नातू सम्यक इंजिनियर झाला, त्याने वडाळ्याला बाराव्या मजल्यावर घर घेतलं, तिथे ती राहायची. बिल्डिंगला दोन लिफ्ट. कोंडीराम अजून चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर जिना चढत होता. दर दिवाळीला तो सम्यकला म्हणायचा, नाव मात्र झकास आहे हां तुझं, ऐकायला कसं भारदस्त वाटतं.

त्याने युक्ती काढली. रमाआईकडे जायचं आणि तिलाच नाही म्हणायला सांगायचं. तिने नकार दिला की चंपाचं तोंड बंद. स्वतःच्या या हुशारीवर तो वडाळ्याला पोचेपर्यंत खूश होता.

रमाआई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. त्याला बघताच तिने पहिला प्रश्न विचारला, कोण गेलं? दिवाळीशिवाय हा माणूस आपल्या दारात दुसऱ्या कशाला येणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. कोंडीराम वरमला. त्याने रिकामे हात मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. पहिलं बाळ, काचेची पेटी, चंपाचा हट्ट. सम्यक टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. तो ऐकत ऐकत उठून जवळ आला.

“काका, परत? आज्जीला परत तेच काम?”

कोंडीराम घाईघाईने म्हणाला की नाही नाही, मी तर नको म्हणायलाच आलोय. फक्त रमाआईने आपल्या तोंडाने नाही म्हणावं.

“म्हणजे तुमच्या घरात तुम्हाला नाही म्हणता येत नाही,” सम्यक म्हणाला, “म्हणून तेही हिनेच म्हणायचं.”

कोंडीरामला त्याचा फार राग आला. काल जन्मलेलं पोर आपल्याला शिकवतंय. पण पोर खरं बोलत होतं.

रमाआईने नातवाला हाताने थांबवलं. मग ती कोंडीरामला म्हणाली, तुझ्या आईने मलाच का निवडलं, ठाऊक आहे का तुला? कोंडीराम म्हणाला, ओळख होती म्हणून. रमाआई हसली नाही.

“ओळख तर तिची तिच्या चाळीतही सगळ्यांशी होती. आमच्या घरात पोर शोधायला कोण येणार, असं तिला वाटलं. सटवाईपण विटाळ पाळते, असं वाटलं तिला.”

रमाआईच्या आवाजात चीड नव्हती. तिने हे इतकी वर्षं मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं असावं, तशी ती बोलत राहिली. त्याची आई गॅलरीच्या टोकाला उभी राहिली, पुढे आली नाही. सूप जमिनीवर ठेवून मागे सरली. कोंडा रमाबाईच्या घरात नव्हता, तो तिने खालच्या वाण्याकडून आणला. आणि त्या वेळी तिची स्वतःची मुलगी जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याआधी एक मुलगा गेला होता. म्हणजे जी सटवाई आमच्या घरात पाऊल टाकत नाही असं तुझी आई समजत होती, ती दोनदा येऊन गेली होती, रमाआई म्हणाली, पण आम्हाला कोण विचारतंय.

“तू रडायला लागलास. भुकेला होतास. माझ्या अंगावर दूध होतं. मी पाजलं तुला.”

दर दिवाळीला तो या बाईसमोर बसून चकल्यांचा खुसखुशीतपणा बिघडला वगैरे बोलत आला होता. तिने हे कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं.

“आणि विकत घेतलं म्हणजे नाव मीच ठेवायचं ना?” ती म्हणाली. “रात्रभर तू माझ्याकडे होतास. मी ठेवलं नाव.”

विहारात त्या दिवसांत संध्याकाळी प्रवचनं चालायची. रमाबाईला सगळं कळायचं असं नाही. पण एक शब्द प्रत्येक गोष्टीच्या आधी यायचा आणि तो तिच्या कानात बसला होता. बोलणाऱ्याने त्याचा अर्थ सांगितला होता, नीट, यथायोग्य, जसं असायला हवं तसं. या पोराच्या घरात काहीच नीट होत नव्हतं, माझ्याही नव्हतं, निदान नाव तरी नीट असू दे, असं तिला वाटलं. सकाळी त्याची आई न्यायला आली तेव्हा रमाबाईने सांगितलं की मी याचं नाव सम्यक ठेवलंय.

“ती हो हो म्हणाली. पोर घेऊन गेली. नाव माझ्याकडेच राहिलं.”

पहिला सम्यकच भानावर आला. आज्जी, म्हणजे माझं नाव सेकंडहँड आहे? तो विचारायला गेला चेष्टेत, पण आवाज चेष्टेचा निघाला नाही. रमाआई म्हणाली की एवढं चांगलं नाव, किती वर्षं पडून ठेवायचं? मग तुला दिलं.

तेव्हा कोंडीरामच्या ध्यानात आलं की रमाआईने त्याला आजवर कधी कोंडीराम म्हटलंच नव्हतं. बाळा म्हणायची, अरे म्हणायची. म्हाताऱ्या बाईची सवय असेल असं तो समजत होता.

“नाही म्हण म्हणतोस ना? म्हणते,” रमाआई शेवटी म्हणाली. “सांग तुझ्या बायकोला. या खेपेला विकत घेतली, तर परत देणार नाही.”

लिफ्टमधून उतरताना कोंडीरामला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला. त्याला नाव होतं. जन्मल्या जन्मल्या मिळालेलं, अर्थाचं, प्रेमाने ठेवलेलं नाव. ते त्याच्या आईने दुसऱ्याच्या दारात टाकलं, आणि वर साठ वर्षं कोंडा डोक्यावर थापला. आई कधीच वारली होती, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आणि भांडला असता तर आईनेही विचारलं असतं, की मेल्या, तू तरी दरवर्षी जाऊन काय केलंस?

ते चंपाने विचारलं.

घरी येऊन त्याने रमाआईचा निरोप सांगितला. परत देणार नाही, हे ऐकून चंपाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, म्हणजे युक्ती लागू पडली होती. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. मग त्याने बाकीचंही सांगून टाकलं. चंपा आधी भांडी विसळत ऐकत होती. दुधाचं सांगितलं तेव्हा तिने नळ बंद केला.

“तिचा पोर गेलेला, आणि तिना तुमका पाजल्यान?” ती म्हणाली. “आणि तुमी वर्साक एक लुगडा देवन मोकळे?”

कोंडीराम म्हणाला की मला काय माहीत, मला कुणी सांगितलं? चंपा म्हणाली की विचारलंत कधी? लालबागभर दुसऱ्यांच्या पोरांच्या नावांचे अर्थ विचारत फिरता, स्वतःच्या नावाचं विचारायला तोंड शिवलं होतं? कोंडीराम विसळलेली भांडी टोपलीत लावायला लागला. बायकोचं बोलणं बरोबर असलं की त्याला तिचा विशेष राग यायचा, तसा आत्ताही आला.

पडद्यामागून अनुजाचा आवाज आला.

“त्यांना बारशाला बोलवा.”

चंपा चपापली. उंबऱ्याची गोष्ट तिच्याही मनात रुतलेली होती. विकत घेणारी घरात आली तर पोर तिच्यामागून जातं. कोंडीराम फटकन म्हणाला की मग नेऊ दे मला, मी साठी उलटलेला माणूस, बाराव्या मजल्यावर जाऊन राहीन, निदान जिने तरी चढायला लागणार नाहीत. अनिशला हसू फुटलं. चंपाने दोघांकडे रागाने पाहिलं, आणि मग पुन्हा नळ सोडत म्हणाली, “बोलवा. माका पण तिच्या पाया पडूचा आसा.”

दुसऱ्या दिवशी कोंडीराम पुन्हा वडाळ्याला गेला. हातात पेढे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्याने रविवारचं आमंत्रण केलं. रमाआईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “काय म्हणून येऊ?”

हा प्रश्न त्याने धरलाच नव्हता. बारशाला आत्या असते, मावशी असते, दोन आज्या असतात, प्रत्येकीला आपापली जागा असते. त्याने पेढ्यांचा पुडा अखेर तिच्या मांडीवर ठेवला.

“माझी आई म्हणून ये.”

रमाआईने पेढे उचलून खिडकीत ठेवले. मग म्हणाली, बघते. ना हो, ना नाही, नुसतं बघते. कोंडीराम चडफडत परत आला. एवढं बोललो, आणि बघते?

रविवारी त्याला स्वतःचाच जास्त वैताग आला. आपल्या गाळ्यातला सगळ्यात चांगला पाळणा त्याने वर चढवला, खरी शेवंती आणली, मागे निळा पडदा लावला. आणि पडद्यावर अक्षर एकही नाही. त्या सगळ्या गडबडीत नाव ठरलंच नव्हतं. मनातली नावांची रांग वडाळ्याहून आल्यापासून पार पांगली होती. एकेक नाव तोंडाशी यायचं आणि कुणाच्यातरी दारातून उचलून आणल्यासारखं वाटायचं. अनुजाला विचारलं तर ती म्हणाली, बघू. आता हिनेही बघूच म्हणावं. पाहुण्या बायका येऊन रिकाम्या पडद्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, नाव काय ठेवताय, सरप्राइज आहे का? अख्ख्या लालबागची नावं कापणारा माणूस स्वतःच्या नातीच्या पडद्यासमोर हात चोळत उभा होता.

तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला. सम्यकची गाडी होती. कोंडीराम धावत खाली गेला. पुढच्या सीटवर पांढऱ्या साडीत रमाआई बसली होती. सम्यकने चाळीचा जिना खालपासून वरपर्यंत पाहिला.

“काका, लिफ्ट नाहीये?”

नाही म्हणताना कोंडीरामला जिन्याचीच लाज वाटली. रमाआईचे गुडघे केव्हाच गेले होते. तीन मजले म्हणजे अशक्य. कुणीतरी म्हणालं की बाळालाच खाली आणा, आजी गाडीत बसूनच बघतील. कोंडीराम त्या माणसावर इतका खेकसला की तो पुन्हा बोलला नाही. दारात ठेवायला पोर न्यायचं ते एकदाच झालं, आता बास.

त्याने शेजारच्या वाण्याची प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली, रमाआईला तिच्यात बसवलं आणि एका बाजूने पकडली. अनिश म्हणाला पप्पा, तुम्ही सोडा, तुमची कंबर. कोंडीरामने सोडली नाही. दुसऱ्या बाजूने सम्यकने धरली आणि मागून अनिशने. पहिल्या मजल्यावर कंबरेत चमक भरली. दुसऱ्यावर त्याला घाम फुटला आणि ही बाई दिसते त्यापेक्षा जड कशी, असंही मनात येऊन गेलं. रमाआई खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. तिसऱ्या मजल्यावर उंबऱ्यापाशी चंपा तांब्या घेऊन उभी होती. तिने रमाआईच्या पायांवर पाणी घातलं आणि वाकून नमस्कार केला. मग खुर्ची उंबऱ्यावरून आत गेली आणि कुणीही कुणामागून गेलं नाही.

खुर्ची पाळण्याजवळ ठेवली. अनिशची बहीण मेघना आत्या म्हणून तयारच होती, तिला फक्त कानात सांगायला नाव हवं होतं. सगळे रमाआईकडे बघायला लागले. कोंडीराम हात जोडून म्हणाला की तूच ठेव. रमाआईने मान हलवली. एकदा ठेवलं होतं, ती म्हणाली, माझं झालं. तिने अनुजाला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, कुणी नसताना तू हिला काय म्हणतेस?

अनुजाचे डोळे भरून आले. ती काचेच्या पेटीबाहेर उभी राहायची, तेव्हा एका नावाने बाळाला हाक मारायची. मोठ्याने म्हटलं तर काहीतरी होईल म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, अनिशलाही नाही.

“इरावती,” ती म्हणाली. “नदीचं नाव आहे.”

मेघनाने पाळण्यात वाकून ते बाळाच्या कानात सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले आणि बाळाने भोकाड पसरलं. कोंडीराम कोपऱ्यात बसून घाईघाईने सनबोर्ड कापायला लागला. ‘रा’ वाकडा आला. डोळे पुसत कापलं की असंच होतं.

मग जेवणं. पहिलं ताट चंपाने रमाआईसमोर मांडलं, पुरी, बटाट्याची भाजी, वरणभात, श्रीखंड. रमाआईने ताटाकडे पाहिलं. हात लावला नाही. कोंडीराम अर्धवट कापलेलं अक्षर हातात घेऊन जवळ गेला.

“लोक म्हणतात ना, तुझ्या बारशाला जेवलोय,” रमाआई त्याला म्हणाली. “मी नव्हते जेवले. मला कुणी बोलावलंच नव्हतं.”

कोंडीराम तिच्या खुर्चीपाशी खाली बसला. तिने पुरीचा तुकडा मोडला आणि चंपाकडे बघितलं.

“दोन्ही बारशांचं आज जेवते. वाढ.”